चाचांनी बसवलेली खिटी

माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाचा घेर सात फूट चार इंच भरतो. म्हणजे मैलाला सातशे वीस फेरे. चाकाभोवती दोरा गुंडाळून आणि तो दोरा गजाने मोजून हा आकडा मी काढला आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी लहानपणापासूनची सवय. तिचा मला अभिमान होता, आणि पोटही तिच्यावरच चाललं. पण याच सवयीने माझ्या हातून एका म्हाताऱ्या कारागिराचं जे नुकसान झालं, ते मी आजवर गावाबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

मी मूळचा घाटावरचा, वाईकडचा. लग्नानंतर सासरेबुवांच्या ओळखीने श्रीवर्धनला एका सुपारीच्या पेढीवर लागलो आणि तिथेच राहिलो. तेव्हा तो मुलूख संस्थानचा, आणि मला तो परदेशासारखाच वाटे. खाणं वेगळं, बोलणं वेगळं, घरामागे कडुनिंबाऐवजी माड. सासुरवाडीचे लोक माझी थट्टा करत. मेहुणा आल्यागेल्याला सांगायचा, "आमचे दाजी समुद्र बघत न्हायत, लाटा मोजतात." त्यात खोटं फारसं नव्हतं. पेढीवर माझं कामच मोजण्याचं होतं. बागेत जायचं, झाडाखाली उभं राहून सुपारीचे घोस मोजायचे, चार निरनिराळ्या झाडांचा एकेक घोस उतरवून त्यातली फळं मोजायची, आणि अख्ख्या बागेत माल किती निघेल ते सांगायचं. पुढे माल उतरला की माझा आकडा शेकड्याला पाचापेक्षा जास्त चुकलेला नसे. बागाईतदार आणि मालक दोघेही तो मान्य करत. गावात मला दिवाणजी म्हणत, आणि दिवाणजींचा आकडा म्हणजे मग त्यावर बोलणं नाही, असं झालं होतं.

बागा दूरदूर. बोर्लीची वाट साडेनऊ मैलांची, आणि मध्ये खिंडीचा चढ. मालकांनी माझ्यासाठी मुंबईहून बोटीने एक सायकल आणवली. कोणा गोऱ्या इंजिनिअरची वापरलेली, पण तीन गिअरची. हँडलवर एक लहान दांडी होती. ती वर ओढली की गाडी चढाला हलकी व्हायची, खाली सोडली की सपाटीवर पळायची. सगळी करामत मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड तुंब्यात, बाहेरून काही दिसत नसे. पहिल्या गिअरवर मी खिंडीचा चढ न उतरता चढायचो. गुरं राखणारी पोरं लांबूनच ओरडायची, की घाटी इंजिन आलं.

ही गाडी त्या वर्षी पावसाळा सरता सरता खाडीत पडली. बाणकोटच्या बाजूच्या बागा पाहून मी परत येत होतो. बागमांडल्याच्या धक्क्याला होडी लागली, आणि गाडी वर देताना खलाशाचा पाय शेवाळावरून सरकला. गाडी पुरुषभर पाण्यात गेली. लगेच काढली, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतली, पण तुंब्याच्या आत गेलेलं खारं पाणी कसं निघणार? आठ दिवसांत पहिला गिअर लागेनासा झाला. पायंडल दाबलं की पाय नुसता पोकळीत जायचा.

गावात तीन लोहार होते. तिघांनीही तुंबा हातात घेऊन फिरवला आणि परत दिला. मुंबईला पाठवायची तर महिना मोडणार, आणि बागा पाहण्याचे दिवस तेच. तेव्हा पेढीवरच्या तोलाऱ्याने चाचांचं नाव काढलं.

चाचा म्हणजे मोहल्ल्यातले एक साठीच्या पुढचे गृहस्थ. एकतीस वर्षं आगबोटींच्या इंजिनखोलीत काढलेली. कोळसा ओढणाऱ्यापासून सुरुवात करून शेवटी यंत्रांना तेल देणाऱ्या माणसापर्यंत चढले होते. आता घराच्या पडवीत बसून शिवणयंत्रं, कुलपं, घड्याळं, स्टोव्ह दुरुस्त करत. बायको वारलेली. विधवा मुलगी जवळ होती. ती आत बसून टोप्यांवर भरतकाम करायची. दोघांचं घर चाचांच्या पडवीवर चालायचं.

त्यांनी गाडी उलटी करून चाक फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "दिवाणजी, असला माल पहिल्यांदा हाताला येतोय. उघडीन. पण घाई कराल तर आत्ताच घेऊन जा."

त्यांची काम करायची रीत मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती, नंतरही नाही. प्रथम पांढरी चादर अंथरायची. तुंब्यातून जो भाग निघेल तो चादरीवर डाव्या हातापासून ओळीने मांडायचा, आणि आत त्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच ठेवायचं. त्या ओळीवरून कोणी हातसुद्धा न्यायचा नाही. जहाज हलत असताना आणि दिवा गेलेला असताना यंत्र परत जोडायचं, तर कोण कोणाचा शेजारी हे बोटांना माहीत असावं लागतं, असं ते म्हणाले. बोलताना ते प्रत्येक तुकडा अंगठ्याने चाचपत होते. मी आधी तीही रीतच समजलो.

मग त्यांनी दोन वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. त्यांत तुंब्यातले बारीक छर्रे होते. म्हणाले, उजव्या बाजूचे किती, डाव्या बाजूचे किती, मोजून द्या. मी मोजले, दोन्ही मिळून त्रेपन्न. आकडा सांगून मी वर पाहिलं, तेव्हा ते वाटीकडे बघतच नव्हते, वाटीच्या बाजूच्या जमिनीकडे बघत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची पांढरी साय धरलेली मला तेव्हा दिसली.

त्यांनीही ते ओळखलं. आवाज खाली आणून म्हणाले, "एवढी वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढली, तिचा हा प्रसाद. बोटांना अजून दिसतं. पण बाहेर बोलू नका, दिवाणजी. चाचाची नजर गेली एवढं गावात फिरलं, की दुसऱ्या दिवशी ही पडवी रिकामी."

मी शब्द दिला.

तुंब्यात दातेरी कडं होतं, आणि त्या दातांत अडकणाऱ्या दोन खिट्या, अगदी जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. दोन्ही खिट्या दातांत पडल्या तरच चढाला गाडी ओढली जाते, एक जरी चुकली तरी पाय पोकळीत. प्रत्येक खिटीला मागून रेटणारी तारेची स्प्रिंग असते. खाऱ्या पाण्याने एक स्प्रिंग खाऊन टाकली होती. तशी तार श्रीवर्धनला कुठे मिळणार? चाचांनी मुलीची मोडकी छत्री मागवली, दांड्यातल्या खटक्याची तार काढली, आणि दोन दिवस ती तापवून, वाकवून, बोटाने दाबून पाहून तिच्यातून स्प्रिंग तयार केली. शेवटची खिटी बसवली तेव्हा मगरिबची बांग होत होती. पडवीत उजेड कमी झाला होता. त्यांनी अंगठ्याने तीनदा दाबून पाहिलं. "बसली," म्हणाले. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "बसलीच असेल."

तुंबा बंद करून मी चाक उलटं फिरवलं. दोन्ही खिट्या आळीपाळीने दातांवरून पडत होत्या. दाते बारा, म्हणून एका फेऱ्याला चोवीस टिकटिक व्हायला हवी. मी तीन फेरे मोजले. तिन्ही वेळा चोवीस. तसं सांगितल्यावर चाचा हसले. "तुम्ही मोजलंत ना? मग झालं." जहाजावरून आणलेल्या बाटलीतलं पाण्यासारखं पातळ तेल त्यांनी तुंब्याच्या भोकातून घातलं आणि बजावलं, की आता चार महिने याला कोणी हात लावायचा नाही. मी मान हलवली आणि घरी आलो. घरात मात्र हे कोणालाही सांगितलं नाही. गाडीला माझ्याशिवाय कोण हात लावणार, असं मला वाटलं.

दिवाळी झाली. गाडी उत्तम चालत होती. पौषात थंडी पडली. आमच्या किनाऱ्याला थंडी असते ती मोजून पंधरावीस दिवस, समुद्राचा वारा थांबून डोंगराकडचा वारा पहाटे उतरतो तेवढीच. त्या वर्षी ती जरा जास्त होती. बोर्लीला एका मोठ्या बागेचा अंदाज द्यायचा होता, दुसऱ्या पेढीचा माणूसही येणार होता, म्हणून मी उजाडताच निघालो. खिंडीच्या पहिल्याच चढाला दांडी ओढली, पाय दाबला, आणि पाय एकदम खाली गेला. मी गाडीसकट आडवा झालो. नडगी सोलली, धोतराला रक्त लागलं. उठून चाक उलटं फिरवलं. बारा. पुन्हा फिरवलं. बाराच.

अर्धी टिकटिक गेली, म्हणजे दोनांतली एक खिटी गेली. यात मला शंकेला जागा दिसेना. आणि कोणती गेली असेल तर शेवटी बसवलेली, जिच्याबद्दल ते स्वतःच बसलीच असेल म्हणाले होते. मी गाडी वळवली आणि दीड मैल परत चालत आलो. चाचांच्या पडवीत पोचलो तेव्हा आठ वाजत होते. वाटेने बोर्लीच्या बागेत आता कोण उभं असेल आणि काय बोलत असेल हेच माझ्या डोक्यात होतं.

पडवीत गावचा शिंपी शिवणयंत्राचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी एक खलाशी कुलूप घेऊन आला होता. मी नमस्कार केला नाही. गाडी उलटी केली, चाक फिरवून मोठ्याने मोजलं, आणि म्हणालो, "चाचा, चोवीसाचे बारा झाले. खिटी कच्ची बसली होती, ती निसटली."

शिंपी म्हणाला, "चाचांनी बसवलेलं असं निसटायचं न्हाय, दिवाणजी."

"मी मोजलंय," मी म्हणालो.

चाचांनी चाकावर तळहात ठेवला. त्यांनी तेव्हा काही बोलायला हवं होतं, मला दोन शब्द सुनावायला हवे होते, असं मला पुढे फार वेळा वाटलं. पण ते गप्प राहिले, आणि माझी नडगी ठणकत होती. मी म्हणालो, "दिसत नसेल तर इतकं बारीक काम घेऊ नये."

हे वाक्य मी कसं बोललो ते मला सांगता येत नाही. दिलेला शब्द मी विसरलो नव्हतो. तो मला आठवत होता आणि तरीही मी बोललो.

शिंपी वाकून चाचांच्या डोळ्यांकडे पाहायला लागला. खलाशानेही पाहिलं. चाचांनी मान फिरवली नाही. त्यांना पाहू दिलं. जरा वेळाने शिंप्याने यंत्राचं डोकं फडक्यात गुंडाळलं आणि आज घाईचं शिवण आहे, उद्या आणतो, असं सांगून तो गेला. खलाशी कुलूप ठेवून उभा होता. त्याने ते उचललं.

दोघं गेल्यावर चाचा म्हणाले, "तुमचा आकडा चुकत नाही. मलाच तेव्हा शंका आली होती. नमाजाची वेळ झाली म्हणून मी ती सोडून दिली." मी म्हणालो, उघडा आणि नीट बसवा, मी थांबतो. त्यांनी चादरीची घडी पुढ्यात घेतली, पण उलगडली नाही. म्हणाले, आता या हाताने नाही, मुंबईला पाठवा.

त्या दिवशी दुपारी मला जवळच्याच एका बागेत जायचं होतं. दुसरा उपाय नव्हता म्हणून तीच गाडी नेली, आणि पहिला गिअर लागला. मला वाटलं, निसटलेली खिटी धक्क्याने आपोआप जागेवर आली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घसरली, दुपारी परत लागली. घोसातली चार फळं जास्त निघाली तरी मी दुसरं झाड उतरवून बघतो. इथे सकाळ आणि दुपार असा उघड फरक डोळ्यांसमोर होता, आणि मी तो मनावर घेतला नाही. कारण चूक कोणाची ते मला आधीच सापडलं होतं.

पुढच्या आठदहा दिवसांत मोहल्ल्यावरून जाताना मी पडवीकडे बघायचं टाळायचो, पण दिसायचंच. एखादं माणूस बसलेलं असे, तेही गप्पा मारायला. शिंप्याने यंत्र महाडला पाठवलं. मग ऐकलं, की चाचांनी हत्यारांची पेटी रत्नागिरीकडे जाणाऱ्या एका गलबताच्या तांडेलाला देऊन टाकली. तांडेल काहीतरी द्यायला लागला तर त्यांनी घेतलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी मी पडवीत दाढी करत होतो. बायको केसांना लावायची खोबरेलाची बाटली घेऊन चुलीकडे चालली होती. बाटलीतलं तेल थिजून मेणासारखं पांढरं झालं होतं. ते रोजचंच होतं. थंडीत बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय तेल पडत नसे. जाता जाता ती सहज म्हणाली, "तुमच्या गाडीतलंही असंच थिजलं असेल."

मी वस्तरा खाली ठेवला. कोणत्या गाडीत, कोणी घातलं, असं विचारलं.

तिला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिच्या माहेरच्या बागेत विहिरीवर रहाट आहे. त्याच्या कण्याला दर सोमवारी घरच्या बाईने खोबरेल घालायचं, ही तिकडची पद्धत. कणा कुरकुरत नाही, आणि घरचं तेल घातलं की रहाट दगा देत नाही असं तिची आई म्हणे. गाडी खाडीत पडून वाचली, म्हणून दिवाळीपासून ती दर सोमवारी मी आंघोळीला गेलो की त्या भोकात दोन पळ्या घरचं खोबरेल घालत होती. हळदकुंकू लावून.

बैलांनी ओढायच्या रहाटाला थिजलेल्या तेलाने काही होत नाही. पण छत्रीच्या तारेच्या स्प्रिंगला एवढीशी खिटी त्या मेणातून वर रेटायची होती. मी उठलो. अर्धी दाढी तशीच होती. पडवीतल्या सावलीत गाडी उलटी करून चाक फिरवलं. बारा. मग गाडी अंगणात उन्हात नेली आणि समोर बसून राहिलो. आठ वाजता बारा. नऊ वाजता एकदा बारा, एकदा सतरा. साडेदहाला चोवीस. पुन्हा चोवीस. तुंब्याच्या भोकातून खोबरेलाचा वास येत होता.

खिटी पहिल्या दिवसापासून जागेवर होती. मोजणीही चुकली नव्हती. बारा म्हणजे बाराच होते.

मग मी बायकोला पडवीत घडलेलं सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली, आणि म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी." मग म्हणाली, की मी येते, तेल मी घातलं तर मीच त्यांना सांगते. मी तिला नको म्हणालो. बाईमाणसाने कशाला यायचं, माझा शब्द पुरे आहे, असं मला वाटलं. ती आली असती तर काय झालं असतं ते मी अनेकदा मनात मांडून पाहिलं आहे. तिच्या हातातली बाटली त्यांनी हुंगली असती. तिचं रडणं ऐकलं असतं. बहुधा विश्वास ठेवला असता.

मी एकटाच गेलो. चाचा रिकाम्या पडवीत भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. रहाट, सोमवार, दोन पळ्या, थिजलेलं तेल, ऊन, साडेदहा. चाक फिरवून दाखवलं. त्यांनी मान एका बाजूला करून टिकटिक ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण मला हवं होतं ते हसू नव्हतं.

"परवा बोट येऊन गेली," ते म्हणाले. "मुंबईचा कोणी कारागीर आला होता का तिच्यातून?"

मी म्हणालो, गाडी गावाबाहेर गेली नाही, तुंबा कोणी उघडलेला नाही.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दिवाणजी, तुम्ही जन्मात खोटं बोलला नसाल. माझ्यासाठी बोललात. खुदा तुमचं भलं करो."

मी शपथ घ्यायला लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हाताऱ्याकरता खोटी शपथ घेऊ नका, म्हणाले. तेव्हा मी सांगितलं, की उद्या सकाळी सहाला गाडी इथे आणतो, थंडीत बारा ऐका, मग उन्हात ठेवून चोवीस ऐका, मग तरी मानाल ना? ते बरं म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले हे मला कळत होतं.

त्या रात्री वारा फिरला. सकाळी सहाला आकाश ढगाळ होतं आणि समुद्राकडून दमट वारा येत होता. चोवीस. मी गाडी रात्रभर त्यांच्या अंगणात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चोवीस. त्यांच्या मुलीकडून घागर मागून तुंब्यावर विहिरीचं पाणी ओतलं, पण सकाळी विहिरीचं पाणी कोमट असतं. चार सकाळी मी तिथे चाक फिरवत बसलो, आणि चारही सकाळी त्या गाडीने मला खोटं पाडलं. चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "आता पुरे. चांगली चालतेय, चालू द्या." त्या वर्षी थंडी परत आली नाही.

मी बाजारात शिंप्याकडे गेलो. चार माणसं होती, त्यांच्यासमोर सांगितलं, की चूक चाचांची नव्हती, माझ्या घरची होती. शिंप्याने सुईतला दोरा ओढत ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय, पण डोळ्यांचं? ते बी खोटंच का?"

डोळ्यांचं खोटं नव्हतं. माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी गप्प बसलो यातच त्यांना काय ते कळलं. सांगायचं होतं ते एवढंच, की त्या डोळ्यांनीही त्यांनी ती खिटी अचूक बसवली होती. पण ते मला सुचेपर्यंत शिंप्याने महाडहून परत आलेलं यंत्र चालू केलं होतं.

पुढे सातआठ महिने मी अधूनमधून पडवीवर जाऊन बसायचो. चाचा बंदरांच्या गोष्टी सांगत. सायकलीचा विषय ते काढत नसत, मी काढला तर मुलीला चहा करायला सांगत. हात मात्र स्वस्थ नसत. पंचाची घडी घालायची, मोडायची, पुन्हा काठाला काठ लावून घालायची, असं त्यांचं सारखं चाललेलं असे. मी मनात ठरवलं होतं, की पुढच्या पौषापर्यंत तुंब्यातलं खोबरेल तसंच ठेवायचं. थंडी पडली की पहिल्याच सकाळी त्यांना हाताला धरून माझ्या पडवीत आणायचं आणि बारा ऐकवायचे. म्हणून मी ते तेल काढलं नाही.

भाद्रपदात त्यांना ताप आला आणि नवव्या दिवशी ते गेले. मी बाणकोटच्या बाजूला होतो. मला दोन दिवसांनी कळलं.

चाळिसावा झाल्यावर मी त्यांच्या मुलीकडे गेलो. पडवी तशीच होती, चाचा टेकून बसायचे ती फळी तेवढी आत गेली होती. दाराआडून ती बोलली. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. तिने आधी ते तुटकतुटक ऐकलं असणार, पण मला मध्ये थांबवलं नाही. मी म्हणालो, तुमच्या वडिलांच्या हातून चूक झाली नव्हती, आणि हे त्यांना पटल्याशिवाय ते गेले.

तिने आत चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "ते आता मला सांगून काय, भाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. तिने चहा बाहेर ठेवला, तो मी प्यायलो. गाडी आता बरी चालते का, असं तिने विचारलं. बरी चालते, म्हणालो.

घरी येऊन मी तुंब्याच्या भोकातून घासलेट सोडलं आणि चाक फिरवून फिरवून आतलं खोबरेल धुऊन काढलं. तीन दिवस ते गढूळ घासलेट ठिबकत होतं. मग मुंबईहून पातळ तेल आणवून घातलं. बायको कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. तिने त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही, हळदकुंकवालाही नाही. याला आता सहा वर्षं होतील. खिंडीचा चढ मी त्याच गिअरवर चढतो, आणि तुंबा अजून कोणाला उघडावा लागलेला नाही.